तुम्ही विचारलंत म्हणून: वाक्प्रचार कोणता आणि रूढ शब्दजोडी कोणती?

इंग्रजी शिकणारे अनेक जण मला विचारतात की, ‘किक द बकेट’ला वाक्प्रचार म्हणतात, मग ‘हेवी रेन’ किंवा ‘मेक अ डिसिजन’ यांतले शब्दही ठरलेलेच असताना त्यांना वाक्प्रचार का म्हणायचे नाही? प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही ठिकाणी शब्द निवडण्याची मुभा आपल्याला जवळजवळ नसते.

फरक आहे तो अर्थाचा. ‘किक द बकेट’मधील लाथ आणि बादली कितीही जुळवली तरी ‘मरणे’ हा अर्थ हाती लागत नाही. तो त्या संपूर्ण शब्दसमूहाला मिळालेला आहे. म्हणूनच बादलीच्या जागी दुसरे भांडे घातले, किंवा वाक्याचा कर्मणी प्रयोग केला, की मृत्यूचा अर्थ नाहीसा होतो आणि उरते ती खरोखरची लाथ. ‘हेवी रेन’मधला पाऊस मात्र पाऊसच असतो, आणि हे शब्द प्रथमच ऐकणाऱ्यालाही तो जोराचा असल्याचे कळते. त्याऐवजी कोणी ‘स्ट्राँग रेन’ म्हणाले, तरी अर्थ पोचतो. फक्त इंग्रजी मातृभाषा असलेल्याच्या कानाला ते खटकते. अशा रूढ जोडीला अभ्यासक कोलोकेशन म्हणतात. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटले होते. पुढे मायकेल हॅलिडे यांनी दिलेले उदाहरण मला आजही सर्वांत बोलके वाटते: चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि मोटार ‘पॉवरफुल’, हे शब्द परस्परांशी बदलले तर दोन्ही जोड्या चुकीच्या वाटतात, पण युक्तिवादाला मात्र दोन्ही विशेषणे सारखीच शोभतात. यामागे तर्क शोधण्यात अर्थ नाही, कारण ही रूढी आहे.

अर्थात, सीमारेषा सर्वत्र इतकी स्वच्छ नाही. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. हा निश्चितच वाक्प्रचार आहे. तरीही त्यातील सांडणे हे फोडण्याच्या आणि बीन्स या गुपिताच्या जागी बसवता येतात, आणि कदाचित त्यामुळेच त्याचा कर्मणी प्रयोगही चालतो.

माझ्या मते, शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. वाक्प्रचार वाचणाऱ्याला अडवतो, तर कोलोकेशन लिहिणाऱ्याला. वाक्प्रचार कळला नाही तर आपण थांबतो आणि शब्दकोश उघडतो. ‘मेक अ डिसिजन’ वाचताना काहीच अडत नाही, म्हणून ती जोडी लक्षातही राहत नाही, आणि लिहायची वेळ आली की ‘डू अ डिसिजन’ असे काहीतरी उतरते. वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात लोक किती श्रम घालतात हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतील बरेचसे औपचारिक लेखनात वापरताच येत नाहीत, आणि हव्या त्या जोड्या तशाच राहून जातात.

त्यासाठी स्वतंत्र कोश आहेत. ऑक्सफर्डचा कोलोकेशन्सचा कोश २००२ मध्ये निघाला. त्यात नाम काढून पाहावे, म्हणजे त्याबरोबर येणारी क्रियापदे आणि विशेषणे एकत्र सापडतात. नवे नाम वहीत लिहिताना त्याचे क्रियापदही शेजारीच लिहावे.