माय होती तवरीक

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची यादी चावडीवर वाचायची, वारसांचे कागद घ्यायचे, फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, ओढायचा. मी दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात तलाठी आहे. उन्हं चढायच्या आत मारुतीच्या देवळापुढे वाचन उरकत होतो. एका सामाईक खात्यातलं नाव वाचलं आणि मागे बसलेल्या एक आजी उभ्या राहिल्या.

"साहेब, तो माहा मोठा भाऊ. लढाईत गेला. इमान घेऊन गेला, आलाच नाई."

गावातल्या जुन्या लोकांना एवढंच माहीत होतं. पोरांना तेवढंही नाही. वाचन संपल्यावर आजींनी घरून पिशवी आणली. तीत वायुदलाचं पत्र, घडीवर फाटलेलं: डिसेंबर १९७१, पश्चिम आघाडी, कॅनबेरा बॉम्बर, नेव्हिगेटर. आधी बेपत्ता, पुढे मृत गृहीत. वय चोवीस. पत्राखाली तळहाताएवढा चौकोनी, पारदर्शक कोनमापक होता. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यात निळ्या शाईची आद्याक्षरं. भावाच्या शेवटच्या सुटीत हा कोनमापक घरीच राहून गेला होता.

नेव्हिगेटरचं काम काय, हे मला तालुक्यातल्या एका निवृत्त वायुसैनिकाने समजावलं. कॅनबेरात दोघंच असत. वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली, नेव्हिगेटर खाली नाकाडाच्या पोटात. रात्री, जमिनीलगत, खाली ब्लॅकआउट. वेग, दिशा आणि वारा यांचा हिशेब मांडत पुढचं वळण कोणत्या सेकंदाला घ्यायचं हे त्याने सांगायचं. ताशी साडेसातशे किलोमीटरचा वेग धरला तर एका मिनिटाच्या चुकीत विमान बारा किलोमीटर भलतीकडे. लक्ष्य आलं की पालथं झोपून पुढच्या काचेतून नेम धरायचा. आणि जी गोष्ट ऐकून मी गप्पच झालो ती ही, की आपल्या बॉम्बर-इंटरडिक्टर प्रकारच्या कॅनबेरात वैमानिकाला इजेक्शन सीट होती, नेव्हिगेटरला नव्हती. विमान पेटलं तर त्याने पॅराशूट अडकवून, सरपटत दारापर्यंत जाऊन उडी टाकायची. कमी उंचीवर तेवढा वेळ कुठून मिळणार? हे ठाऊक असूनही तो दर वेळी त्या नाकाडात शिरत होता. चोवीस वर्षांच्या पोराचं हे धैर्य त्याच्याच गावाला माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटलं.

"इतकी वर्षं वारस नोंद का नाही केली?" मी आजींना विचारलं.

"मायनं करू देल्ली नाई. म्हणे, नाव राहू द्या, आला तं त्याले वावर लागन. माय होती तवरीक कोनाची हिंमत झाली नाई. मंग मीबी नाई केली."

त्याचं लग्न झालं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा मुलाचा हिस्सा आईकडे जातो, आणि आई गेल्यावर तिच्या वारसांकडे. म्हणजे वारस नोंदवहीत, मयत मुलाच्या नावासमोर वारस म्हणून आधी त्या माउलीचंच नाव लिहावं लागलं. जिने जन्मभर हीच नोंद अडवून धरली, तिचं. हजारो वारस नोंदी हाताखालून गेल्या असतील, पण ते नाव लिहिताना मी बराच वेळ थांबलो.

फेरफाराच्या तपशिलात सहसा 'अमुक तारखेस मयत' एवढंच असतं. मी लिहिलं, 'भारतीय वायुदलात कॅनबेरा विमानावर नेव्हिगेटर असताना डिसेंबर १९७१ च्या युद्धात कामी आले, अविवाहित.' मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित करण्याआधी ती ओळ दोनदा वाचली. "एवढं लागत नाही," ते म्हणाले, "पण असू द्या. फेरफार कायमचा राहतो." जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी उतारा मागितला, तो मी त्याच दिवशी दिला. पंधरा ऑगस्टला शाळेत आजींनाच बोलायला बोलावायचं ठरलं आहे.