बेळगाव ते रुस्ट: क्लाउडफेस्टचे चार दिवस आणि एक अनुस्वार

14 मार्च 2025. सकाळी धुळवड खेळून झाली होती, कानामागचा गुलाबी रंग अजून निघाला नव्हता आणि रात्री हुबळी–दादर एक्सप्रेस गाठायची होती. माझा भागीदार स्टेशनवर सोडायला आला तो दोन किलो कुंदा घेऊनच. "जर्मन लोकांना बेळगाव काय ते कळू दे की रे!" म्हणाला. तो कुंदा मी त्याच्याच हाती परत दिला. युरोपियन युनियनमध्ये प्रवासी सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि कुंदा म्हणजे सगळा खवाच. डिंकाच्या कर्दंट मिठाईतही तूप असतं म्हणून तोही ठेवला. नेली ती कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमसुलं. पुढच्या वर्षी बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीतून कोणी क्लाउडफेस्टला जाणार असेल तर पिशवी भरताना हे लक्षात ठेवावं.

आम्ही दोघं बेळगावच्या टिळकवाडीत छोटी होस्टिंग कंपनी चालवतो, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आणि ईमेल सर्व्हरवर सांभाळतो. ग्राहक म्हणजे पतसंस्था, शाळा, दोन-तीन साप्ताहिकं, गूळ आणि काजूचे व्यापारी. आमच्यासारख्यांना सर्व्हर चालवायचं पॅनेल, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, बॅकअप विकणाऱ्या कंपन्यांशी वर्षानुवर्षं फक्त ‘तिकिटातून’, म्हणजे त्यांच्या साइटवर तक्रार नोंदवून, बोलावं लागतं. लिहा, वाट बघा, पुन्हा लिहा. त्या सगळ्या कंपन्यांची माणसं मार्चमध्ये चार दिवस जर्मनीतल्या रुस्ट नावाच्या खेड्यात एकत्र येतात. तीच ही क्लाउडफेस्ट. पूर्वी तिला वर्ल्ड होस्टिंग डेज म्हणायचे, 2018 पासून हे नाव आहे. भरते ती युरोपा-पार्क या मनोरंजन उद्यानात. गाड्या आणि पाळणे बनवणाऱ्या माक घराण्यानं 1975 साली ते सुरू केलं. मार्चमध्ये उद्यानाचा हंगाम सुरू व्हायचा असतो, त्यामुळे तेव्हा तिथं फिरतात ते परिषदेचेच लोक.

पासाचं आधी सांगतो, कारण किंमत बघून बरेच जण तिथेच थांबतात. प्रायोजक कंपन्या आपल्या ग्राहकांना फुकट पासाचे कोड देतात. ज्या कंपनीचं रिसेलर खातं आपल्याकडे आहे, म्हणजे जिची सेवा आपण पुढे विकतो, तिला साधी मेल टाकून मागावा. मला तसाच मिळाला. त्यानंतर निमंत्रणपत्र मागायचं आणि व्हिसाची तारीख घ्यायची. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, प्रवास विमा कमीत कमी 30,000 युरोचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबर उजाडू देऊ नका. मी जानेवारीत धावपळ केली. बोटांचे ठसे द्यायला राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला गेलो, तर सहकारी बँकेच्या स्टेटमेंटवर शिक्का होता आणि सही नव्हती. बेळगावातून सही केलेली प्रत येईपर्यंत एक मुक्काम वाढला. बँकेच्या प्रत्येक पानावर सही आणि शिक्का दोन्ही घेऊनच निघा.

आपल्या भागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते, ती म्हणजे सीमाप्रश्नाचं वातावरण. फेब्रुवारीच्या शेवटी वाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या एसटी बंद पडल्या. मी पुण्यापर्यंत बसनं जायचं ठरवलं होतं ते रद्द केलं आणि रेल्वेचं तिकीट काढलं. 22 मार्चला कर्नाटक बंदची हाक होती, म्हणून परतीचं विमान असं धरलं की 23 ला मुंबईत उतरावं. विमानाच्या तिकिटाला जोडून रेल्वेचं आरक्षण असलेलं बरं, बसच्या भरवशावर राहू नका.

मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान रविवारी सकाळी फ्रँकफर्टला उतरलं. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. पाणी, ब्रेड, फळं जे काय हवं ते विमानतळावरच्या किंवा मोठ्या स्टेशनवरच्या दुकानातून घ्या, रुस्टमध्ये काही मिळणार नाही. विमानतळाच्या पोटातच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून ऑफेनबुर्गला, मग स्थानिक गाडीनं रिंग्सहाइम, आणि रिंग्सहाइमहून बस. उद्यानातली हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात. एटेनहाइम किंवा लार या गावांत खोली बघा, पण रात्रीची शेवटची बस किती वाजता ते खोली घेण्याआधी तपासा. मी ते केलं नाही आणि पहिल्या रात्री टॅक्सीला दिलेले पैसे अजून आठवतात. सकाळी थंडी चांगलीच असते, जॅकेट जाड हवं. आपल्या तीन पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर घरूनच न्या. शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा: "ओने श्पेक", म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. पातळ भाकरीसारखा फ्लामकुखेन तसा सांगून मिळतो आणि चीज घातलेले श्पेट्झ्ले तर पोटभर होतात.

सोमवारी सकाळी आत शिरलो. एका बाजूला 73 मीटर उंचीचा सिल्व्हर स्टार रोलर कोस्टर, दुसऱ्या बाजूला इटलीच्या धर्तीवर बांधलेला चौक, आणि त्यातून गळ्यात बिल्ले अडकवलेले आठ हजारांवर लोक चाललेले. व्याख्यानं बरीच होती. एआयवरची पहिली दोन ऐकली आणि ठरवलं की आता सभागृहात बसायचं नाही. व्याख्यानं नंतर घरी बसूनही बघता येतात, माणसं मात्र तिथंच भेटतात. परिषदेच्या ॲपवर भेटी आधीच ठरवून ठेवा, दिवसाला पाच-सहाच, मध्ये अर्धा तास मोकळा सोडून. कारण हॉल लांब लांब आहेत.

ज्या एका भेटीसाठी मी एवढा खर्च केला ती मंगळवारी झाली. पार्श्वभूमी सांगायला हवी. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेनं आमच्याकडून देवनागरी डोमेन घेतलं, शेवटी .भारत असलेलं. हे डोमेन 2014 च्या ऑगस्टपासून मिळतं. मुख्याध्यापकांनी ते फाटकावरच्या पाटीवर रंगवूनही घेतलं. मग त्यांना ईमेलचा पत्ताही मराठीतच हवा होता, ‘संपर्क’ असा. आमचं पॅनेल तो पत्ता घेईना. वर्षभर तिकिटं टाकली. "आमच्याकडे युनिकोड चालतं," एवढंच उत्तर यायचं. युनिकोड म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या लिहिण्याची सामाईक पद्धत.

त्या कंपनीच्या स्टॉलवर एक पोलंडची अभियंता होती. तिनंही तेच वाक्य म्हटलं. मी तिचा कीबोर्ड मागितला. पहिल्यांदा ‘कमल’ लिहिलं आणि पुढं आमचं चाचणीचं डोमेन. पॅनेलनं पत्ता घेतला. मग ‘संपर्क’ लिहिलं. चौकटीला लाल कड आली, "अवैध अक्षर". तिला वाटलं मधे जागा सुटली असेल, तिनं स्वतः पुसून पुन्हा चिकटवलं. पुन्हा लाल. मग मी कागदावर काढून दाखवलं. ‘कमल’मध्ये तीन सुटी अक्षरं आहेत. ‘संपर्क’मध्ये अनुस्वार आहे आणि रफारासाठी हलन्त आहे. युनिकोडमध्ये क, म, ल ही ‘अक्षरं’ म्हणून नोंदलेली आहेत. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची नोंद ‘चिन्हं’ या वेगळ्या गटात आहे. फॉर्म तपासणाऱ्यानं फक्त अक्षरांचा गट मोकळा ठेवला होता. म्हणजे एकही वेलांटी नसलेलं मराठी त्यांच्याकडे चालत होतं. तिनं लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिली. मग विचारलं, "हे फक्त तुमच्याच लिपीत होतं का?" मी म्हटलं, कन्नडमध्येही हेच होणार, तिथंही स्वरचिन्हं वेगळी नोंदलेली आहेत. आमच्या निम्म्या ग्राहकांच्या साइट कन्नडमध्ये आहेत, गोकाकच्या, सौंदत्तीच्या. तिनं माझ्या कागदाचा फोटो घेतला आणि तिच्या वरिष्ठाला तिथंच बोलावलं.

वर्षभराची तिकिटं जे करू शकली नाहीत ते वीस मिनिटांत झालं. म्हणून माझा आग्रह आहे की जाताना तक्रार नेऊ नका, अडलेली गोष्ट त्यांच्याच स्क्रीनवर करून दाखवता येईल अशी तयारी न्या. चाचणीचं डोमेन, नमुन्याचे पाच शब्द, एक पानभर टिपण. स्टॉलवर आधी विक्रीची माणसं भेटतात. त्यांना नम्रपणे सांगायचं की उत्पादन बनवणारं कोणी असेल तर दोन मिनिटं बोलायचं आहे. बहुतेक ठिकाणी असतात.

इंटरनेटवरच्या यंत्रांना लागणारे जुन्या पद्धतीचे क्रमांक, म्हणजे आयपीव्ही4 पत्ते, विकणारे दलालही तिथं बरेच आहेत. खानापूरकडच्या आमच्या केबलवरून इंटरनेट देणाऱ्या मित्रांसाठी मी भाव विचारले. पण घाई करू नका. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात नव्या सभासदाला जास्तीत जास्त 512 पत्ते मिळतात, ते आधी आयआरआयएनएन या भारतात पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून घ्या, सोबत नव्या पद्धतीचं आयपीव्ही6 सुरू करा, आणि मगच विकत घ्यायचा विचार करा.

बुधवारी घरून फोन आला. शहापुरात रंगपंचमी चालू होती, पाठीमागे हलगी ऐकू येत होती. इकडे त्याच संध्याकाळी मोठ्या मंडपात बँड वाजत होता आणि कालपर्यंत सूट घालून बोलणारी माणसं बाकावर उभी राहून गात होती. या संध्याकाळी चुकवू नका. दारू पीत नसाल तरी चालतं, मी सफरचंदाचा रस घेऊन बसलो होतो. रोमानियाचा एक होस्टिंगवाला तिथंच भेटला. तोही तीन माणसांची कंपनी चालवतो. बॅकअप कुठं ठेवायचा यावर आम्ही रात्री अकरापर्यंत बोललो.

त्या बोलण्यामुळेच शुक्रवारी मी स्ट्रासबुर्गला गेलो. ऑफेनबुर्गहून केल, आणि केलहून ट्राम सरळ ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये जाते. बाजारच्या पिशव्या घेतलेल्या बायका इकडून तिकडे जात होत्या. निपाणीहून कागलला जाणाऱ्या आमच्या मावशीच जणू. व्हिसा तोच चालतो, पण पासपोर्ट जवळ ठेवा, 2025 मध्ये जर्मनीच्या हद्दीवर तपासणी होती. याच शहरात नदीकाठी 10 मार्च 2021 च्या रात्री ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवण्याची इमारत, पूर्ण जळालं. लाखो संकेतस्थळं बंद पडली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या कित्येकांचं काहीच उरलं नाही. पुलावर उभा राहून मी आमचा विचार करत होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीला महामार्गावर आलं तेव्हा आमच्या मुंबईकडच्या आणि कोल्हापूरकडच्या इंटरनेटच्या दोन्ही लाइनी एकाच रस्त्याच्या कडेनं जात होत्या. हायवे रुंदीकरणात जेसीबीनं केबल तोडली की आजही तेच होतं. परत आल्यावर पहिलं काम हेच केलं: पतसंस्थांचा बॅकअप रोज रात्री बेंगळूरला आणि आठवड्यातून एकदा देशाच्या दुसऱ्या टोकाला.

एप्रिलमध्ये त्या अभियंतेची मेल आली. चाचणीच्या आवृत्तीत अनुस्वार आणि मात्रा चालू झाल्या आहेत. मी लगेच मुख्याध्यापकांचा पत्ता तयार करून बघितला, झाला. पण ‘ऱ्य’ अजून अडतो. तो दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ नं आणि एकदा न दिसणाऱ्या जोडचिन्हानं. दुसरा प्रकार पॅनेल नाकारतं. तिला कळवलं आहे. पुढच्या मार्चला आपल्यापैकी कोणी त्या स्टॉलवर गेलात तर ‘सातेऱ्या’ असा पत्ता दोन्ही प्रकारे टाइप करून बघा आणि काय होतं ते मला सांगा.