पेंढ्याचा ट्रे आणि मुरबाडचे दादा

जुलैतल्या एका रात्री महापे एमआयडीसीत वीज गेली ती पहाटेच आली. आमच्या प्रयोगशाळेतली नमुने ठेवायची खोली २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेवर चालते. सकाळी आर्द्रतेचा काटा नव्वदीपार. आत मक्याच्या स्टार्चच्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, आणि नेमके त्याच दिवशी मुरबाडकडचे एक रोपवाटिकावाले दादा याच प्लास्टिकचा रोपांचा ट्रे बघायला येणार होते.

नुसत्या स्टार्चच्या पट्ट्या रॅकवरून लोंबत होत्या. स्टार्च मऊ करायला ग्लिसरीन घालावंच लागतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या दिवसांत उलट त्रास: शिळ्या भाकरीसारखं हे प्लास्टिक कडक होत जातं.

पेंढ्याचे तंतू घातलेल्या पट्ट्या मात्र दमट होऊनही बऱ्यापैकी ताठ होत्या. हा भाताचा पेंढा वाशीच्या फळबाजारातला, आंब्याच्या पेट्यांतून निघालेला. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात भिजवला की वरचं मेण आणि थोडं लिग्निन, म्हणजे काडीला कडक करणारा घटक, सुटतं, तंतू खरखरीत होतो. तंतूतलं सेल्युलोज आणि स्टार्च दोन्ही ग्लुकोजचेच, त्यामुळे एकमेकांना चांगले धरतात. पॉलिप्रोपिलीनसारख्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये हाच तंतू फटकून राहतो.

एक्स्ट्रूडर, म्हणजे स्क्रूने माल वितळवून ढकलणारं यंत्र, चालवणाऱ्या काकांचा पेंढ्यावर राग आहे. त्यात वाळूसारखी कडक सिलिका भरपूर, स्क्रू झिजतो. त्यांना उसाचं चिपाड हवं. मला पटतं, पण साखर कारखाने ते स्वतःच्याच बॉयलरला जाळतात, फुकट कोण देणार?

दादा आले. मी यंत्रावर पट्ट्या ताणून दाखवल्या. साधी लांबत गेली. तंतूंची जास्त जोर घेऊन, फारशी न लांबता तुटली. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. ट्रे उचलून बादलीत बुडवला, दाबून बघितला आणि म्हणाले, “मॅडम, मिरचीचं रोप महिनाभर यात उभं राहिलं पाहिजे. मग ट्रेसकट लावलं की हा मातीत गेला पाहिजे. कुजणार कधी?”

फाइलीत कुजण्याची चाचणी होती, पण ती ५८ अंशांच्या कंपोस्टमधली. मुरबाडच्या वाफ्यात ५८ अंश कुठून येणार? तसं सांगितलं, तर हसले. “मग मीच पुरून बघतो.” काही ट्रे पिशवीत भरले आणि जाता जाता दर विचारला. मी सांगितला.

“प्लास्टिकचा काळा ट्रे मी तीन-तीन हंगाम वापरतो, मॅडम.”

काका मागून म्हणाले, “चिपाड मिळालं तर दर थोडा उतरेल.”