तुम्ही विचारलंत म्हणून: चारित्र्य आणि चर्चमधले मतदार

पुणे असो की सांगली, सुट्टीत घरी आले की जेवणे आटोपल्यावर कोणीतरी हा प्रश्न काढतेच: "तुमच्या तिकडे अमेरिकेतली माणसे एवढी देवभीरू, घास घेण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करणारी, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी, मग ज्याच्या खासगी वागण्याची लक्तरे वेशीवर टांगली गेली, त्या डोनाल्ड ट्रम्पला ती राष्ट्राध्यक्ष म्हणून कशी निवडतात?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते, आणि ते म्हणजे 'ढोंग'. मला ते पटत नाही. पण दोन वाक्यांत खोडूनही काढता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्सजवळ, वीस वर्षांहून अधिक काळ राहते आहे. एकोणिसाव्या शतकात आलेल्या डच प्रोटेस्टंट कुटुंबांचा ठसा या भागावर अजून आहे. माझ्या गल्लीत रविवारी गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज सहसा ऐकू येत नाही. आमच्या शेजारीणबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माझे सासरे इथेच वारले तेव्हा चार दिवस आमच्या घरची चूल त्यांनी पेटू दिली नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडून जेवण यायचे, आणि मांसाहार चालणार नाही हे त्यांनी न सांगता ओळखले होते.

७ ऑक्टोबर २०१६ रोजी, शुक्रवारी, रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्या तोंडचे स्त्रियांविषयीचे अश्लील बोलणे टिपलेले एक जुने ध्वनिमुद्रण बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मी शेजारीणबाईंकडे गेले, तेव्हा त्या स्वयंपाकघरात सफरचंदे सोलत बसल्या होत्या. इकडे त्या दिवसांत घरोघरी वर्षभराचा सफरचंदांचा मोरंबा घातला जातो. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "माझ्या नातींसमोर मी टीव्ही बंद केला." मग बराच वेळ नुसती सालेच निघत राहिली. शेवटी त्या म्हणाल्या, "मला लाज वाटते. पण न्यायाधीश तो नेमणार आहे."

त्या वाक्यात माझ्या उत्तराचा अर्धा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते आणि त्यांची जागा रिकामी होती; न्यायमूर्ती राष्ट्राध्यक्ष नेमतो, आणि तेही तहहयात. गर्भपाताचा प्रश्न ज्यांना जीव घेण्या-वाचवण्याचा वाटतो, त्यांनी मत देताना एका बाजूला उमेदवाराचे वागणे ठेवले आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या तीस वर्षांचे न्यायालय. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत तीन न्यायमूर्ती नेमले, आणि जून २०२२ मध्ये न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. तो निकाल मला मान्य नाही. परंतु शेजारीणबाईंचा हिशेब बरोबर ठरला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उरलेला अर्धा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. माणसाने असा हिशेब एकदा मांडला की तो तेवढ्यावर थांबत नाही. हळूहळू मोजण्याचे मापही बदलते. पीआरआरआय या लोकमत पाहणी करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये लोकांना विचारले होते की, खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कर्तव्ये नीतीने पार पाडू शकेल का. बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या आणि 'नवा जन्म' अनुभवल्याचे सांगणाऱ्या इव्हँजेलिकल पंथीयांपैकी, म्हणजे त्यांतल्या गोऱ्यांपैकी, तेव्हा फक्त ३० टक्के 'हो' म्हणाले. २०१६ च्या ऑक्टोबरात हाच आकडा ७२ वर गेला. गोऱ्या कॅथलिकांमध्ये तो ४२ वरून ५८ वर आला. कोणताच धर्म न सांगणाऱ्यांचा मात्र ६३ वरून ६०, म्हणजे जवळजवळ होता तिथेच राहिला. पाच वर्षांत बायबलमधला एकही शब्द बदलला नव्हता. बदलला होता तो समोरचा उमेदवार. 'चारित्र्यामुळे मत बदलते का' असे तुम्ही विचारता. या आकड्यांत मला उलटे दिसते, की मतामुळे चारित्र्याविषयीची समजूत बदलली.

जून १९९८ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या देशातल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने ठराव करून सांगितले होते की, नेत्यांची गंभीर दुर्वर्तने खपवून घेतल्याने समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. तेव्हा समोर होते विवाहबाह्य संबंधांमुळे अडचणीत आलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन, आणि ते स्वतः बॅप्टिस्टच होते. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला व्हाइट हाउसमधल्या प्रार्थनासभेत शंभराहून अधिक धर्मगुरूंसमोर क्लिंटन यांनी आपण पाप केल्याची कबुली दिली. पण त्यांना क्षमा करायला गोऱ्या इव्हँजेलिकल नेत्यांपैकी फारच थोडे तयार झाले. उलट जुलै २०१५ मध्ये आयोवातल्या एका धार्मिक मेळाव्यात, आपण देवाकडे कधी क्षमा मागितली असेल असे वाटत नाही, अशा आशयाचे ट्रम्प बोलले. २०१६ मधल्या त्या ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली खरी, पण पश्चात्ताप हा ज्या धर्माचा कणा आहे, त्याच्या अनुयायांनी ते आयोवातले बोलणे मनावर घेतले नाही. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोक २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळा त्यांच्या बाजूने राहिले.

तेव्हा ते ढोंगच ना, असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट लोक तेच बायबल वाचतात, तितक्याच निष्ठेने चर्चला जातात, आणि त्यांची मते मोठ्या बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला जातात. १९९८ मध्ये क्लिंटन यांना सांभाळून घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय पाद्री ठळकपणे होते. म्हणजे आपल्या माणसाला क्षमा करणे आणि परक्याला धर्मशास्त्र ऐकवणे ही एकाच पंथाची खोड नव्हे. वर्तन तेच, ग्रंथ तोच आणि मते मात्र दोन टोकांना. कारण मत देताना माणूस आपले कोण आणि आपल्याला कोणापासून भीती आहे, याचा विचार आधी करतो.

याला अपवाद दिसला तो युटामध्ये. मॉर्मन या अमेरिकेतच जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे प्राबल्य असलेल्या या राज्यात २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी यांना, जे स्वतः मॉर्मन आहेत, सुमारे ७३ टक्के मते मिळाली होती. २०१६ मध्ये ट्रम्प ४६ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाहीत. मॉर्मन चर्चच्या मालकीच्या 'डेझरेट न्यूज' या वृत्तपत्राने त्या ध्वनिमुद्रणानंतर त्यांनी उमेदवारी सोडावी असे उघड लिहिले. पण त्या वेळी एव्हन मॅकमुलिन हा मॉर्मन उमेदवार अपक्ष उभा होता आणि २१ टक्क्यांहून अधिक मते त्याच्याकडे गेली. नाराज मतदाराला परक्या गोटात न जाता उभे राहायला जागा मिळाली, तर तो तिथे उभा राहतो. चार वर्षांनी तशी जागा नव्हती, आणि ट्रम्प युटात ५८ टक्क्यांवर आले.

मला सर्वांत बोलके उदाहरण मात्र १८८४ चे वाटते. डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड एका पाद्र्याचा मुलगा. त्याला विवाहबाह्य मूल असल्याची बातमी फुटली आणि त्याने ती जबाबदारी नाकारली नाही. (त्या मुलाच्या आईचे पुढे जे हाल झाले, त्यांची आठवण फार थोड्यांनी ठेवली.) निवडणुकीला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा विरोधी उमेदवार जेम्स ब्लेन याच्यासमोर, न्यूयॉर्कमधल्या एका सभेत, सॅम्युएल बर्चर्ड नावाच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूने डेमोक्रॅटिक पक्षाला दारू, रोमचा धर्म (म्हणजे कॅथलिक पंथ) आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हटले. ब्लेनने तिथल्या तिथे हरकत घेतली नाही. आयरिश कॅथलिकांपर्यंत ते शब्द पोहोचले, आणि क्लीव्हलँडने न्यूयॉर्क राज्य सुमारे अकराशे मतांनी जिंकून अध्यक्षपद मिळवले. त्या एका वाक्याने निकाल फिरला असे अनेकांनी मानले आहे. उमेदवाराचे पाप लोक पचवतात. आपल्या श्रद्धेचा अपमान पचवत नाहीत.

मग वर्तनाचा परिणाम होतच नाही का? होतो, पण तो मतपेटीत शोधू नका. डिसेंबर २०१९ मध्ये, विख्यात इव्हँजेलिकल धर्मप्रसारक बिली ग्रॅहम यांनी सुरू केलेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकाचे संपादक मार्क गॅली यांनी ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे लिहिले, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांत वडील आणि मुलगा त्या एका लेखावरून भांडले. दुसरीकडे, प्यू संशोधन केंद्राला असे आढळले की २०१६ ते २०२० या काळात काही गोऱ्या ट्रम्प समर्थकांनी स्वतःला नव्यानेच 'इव्हँजेलिकल' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे त्या शब्दाचाच अर्थ श्रद्धेकडून पक्षाकडे सरकतो आहे, आणि ज्यांना तो अर्थ नको आहे ते चर्चमधून हळूच बाहेर पडत आहेत.

शेजारीणबाईंचा धाकटा मुलगा त्यांतलाच. तो लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गात असे आणि नाताळात आमच्या दारातही गाऊन गेला आहे. त्याने आईशी वाद घातला नाही, फक्त जाणे बंद केले. शेजारीणबाई त्याच्याविषयी बोलताना न्यायालयाचे नाव काढत नाहीत. रविवारी त्या एकट्याच गाडी काढतात, प्रार्थना आटोपून परत येतात आणि चार ताटे मांडतात. तो दुपारी, चर्च सुटल्यानंतर, थेट जेवायला येतो.