अ‍ॅडम्सचे चार कायदे आणि त्यातला एक जो अजून मेलेला नाही

१७९१ च्या डिसेंबरात अमेरिकेने घटनेत पहिली दुरुस्ती घालून घेतली की काँग्रेस (तिकडची संसद हो, आपल्याकडचा पक्ष नव्हे) बोलण्याच्या आणि छापण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा करणार नाही. आणि १७९८ च्या जुलैत त्याच काँग्रेसने सरकारविरुद्ध खोटंनाटं आणि बदनामीकारक लिहिलं, छापलं किंवा नुसतं बोललं तरी दोन वर्षांपर्यंत जेल आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड असा कायदा पास केला. मध्ये सात वर्षं पण पुरी गेली नव्हती. तेव्हाचे दोन हजार डॉलर म्हणजे एखाद्या छोट्या पेपरवाल्याने प्रेस विकली तरी उभे राहिले नसते.

हा एकटाच कायदा नव्हता, त्या उन्हाळ्यात महिन्याभराच्या आत चार कायदे आले. तीन बाहेरून आलेल्या लोकांवर आणि चौथा आतल्या तोंडाळ लोकांवर. मला यात इंटरेस्ट आहे तो यासाठी की ज्या कायद्यांवरून सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला ते दोन-चार वर्षांत गेले, आणि ज्याच्यावर फारसं कुणी भांडलंच नाही तो आज पण पुस्तकात आहे, वापरात सुद्धा आहे. त्यावर शेवटी येतो.

आधी हे झालं कसं ते. फ्रान्समध्ये क्रांती झालेली, इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई जुंपलेली, अमेरिकेने १७९४ मध्ये इंग्लंडशी करार केला म्हणून फ्रान्स भडकला आणि अमेरिकेची व्यापारी जहाजं धरायला लागला. प्रेसिडेंट जॉन अ‍ॅडम्सने बोलणी करायला तीन माणसं पॅरिसला पाठवली तर तिकडच्या परराष्ट्रमंत्र्याच्या, म्हणजे टॅलेरांच्या दलालांनी सरळ सांगितलं की आधी लाच द्या मग बोलू. हे कागद १७९८ च्या एप्रिलमध्ये बाहेर आले आणि देश पेटला. युद्ध जाहीर असं कधी झालंच नाही, समुद्रावर मात्र मारामाऱ्या चालू. अ‍ॅडम्सचा पक्ष फेडरलिस्ट, समोर जेफरसनचे रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध लावू नका, तो फार नंतरचा), आणि गंमत म्हणजे जेफरसन त्याच सरकारात व्हाइस प्रेसिडेंट, कारण तेव्हाच्या नियमाने दुसऱ्या नंबरची मतं मिळवणारा व्हाइस प्रेसिडेंट व्हायचा. म्हणजे सरकारचा नंबर दोन हाच विरोधकांचा नंबर एक. असं घर शांत राहणार कसं.

बाहेरून आलेल्यांवर राग का, तर फिलाडेल्फियात (तेव्हाची राजधानी) फ्रान्समधून आणि फ्रेंच वसाहतींतून पळून आलेले लोक भरलेले, आणि आयर्लंडमधून इंग्रज सरकारला कंटाळून आलेले आयरिश. हे आयरिश अमेरिकेत उतरले की मत कुणाला देणार, इंग्लंडशी गोडीत राहणाऱ्या फेडरलिस्टांना थोडंच देणार? सगळे जेफरसनकडे. हॅरिसन ग्रे ओटिस नावाचा मॅसॅच्युसेट्सचा एक फेडरलिस्ट तर भर सभागृहात बोलून गेला होता की रानटी आयरिशांच्या झुंडींना आमंत्रण द्यायची त्याची इच्छा नाही. तर पहिला कायदा हा की नागरिक व्हायला देशात ५ वर्षं राहावं लागायचं ते १४ वर्षं केलं. १७९० मध्ये हीच अट २ वर्षं होती बरं का, आणि तेव्हापासूनच नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला, म्हणजे बाकीच्यांचा यात विचारच नव्हता. १४ वर्षं ही अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात लांब अट. देशाची सुरक्षा वगैरे नाव होतं, हिशोब मतांचा होता हे माझं मत, आणि त्या काळात पण बऱ्याच जणांचं हेच मत होतं.

दुसरा कायदा मित्र देशांतल्या परक्यांचा. प्रेसिडेंटला एखादा परका माणूस धोकादायक वाटला की त्याला देशाबाहेर काढायचा, कोर्ट नाही, ज्युरी नाही, पुरावा नाही, नुसतं वाटलं पाहिजे. आरडाओरडा झाला तो यावर, आणि रास्त होता. पण खरं सांगायचं तर या कायद्याखाली एकालाही रीतसर धरून जहाजावर चढवलं असं झालं नाही. काम भीतीनेच झालं. मोरो द सें मेरी म्हणून एक फ्रेंच माणूस फिलाडेल्फियात पुस्तकांचं दुकान चालवायचा, अ‍ॅडम्स स्वतः त्याच्या ओळखीचा, दुकानात येऊन जाणारा. त्याचं नाव हाकलायच्या यादीत आलं तेव्हा त्याने विचारवलं की माझा गुन्हा काय, तर अ‍ॅडम्सचं उत्तर असं आलं म्हणतात की खास असं काही नाही, पण तो जरा जास्तच फ्रेंच आहे. मोरो बायकापोरांना घेऊन १७९८ मध्येच निघून गेला. व्हॉल्नी नावाचा फ्रेंच विद्वान पण त्याच सुमाराला परत गेला. परराष्ट्रमंत्री पिकरिंग मात्र रोज नवीन नावं शोधत बसायचा, त्याच्या मनासारखं झालं असतं तर जहाजं कमी पडली असती.

आता चौथ्यावर येतो (तिसरा शेवटी), राजद्रोहाचा कायदा, सेडिशन अ‍ॅक्ट. तारीख १४ जुलै, म्हणजे बरोबर फ्रान्सच्या क्रांतीत बास्तिलचा तुरुंग पडल्याचा वाढदिवस, योगायोगच, पण काय योगायोग. प्रतिनिधीगृहात ४४ विरुद्ध ४१ असा काठावर पास. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, संरक्षण कुणाला तर प्रेसिडेंटला, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांना आणि सरकारला. व्हाइस प्रेसिडेंटचं नाव यादीत नाही! म्हणजे जेफरसनला काय वाट्टेल ते बोला, काही होणार नाही. दोन, कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ पर्यंत, म्हणजे अ‍ॅडम्सची टर्म संपते त्या दिवशी कायदा पण संपतो, उद्या समोरचे निवडून आले तर त्यांच्या हातात हे हत्यार नको. कायदा करणाऱ्यांचा हेतू काय हे विचारायला वकील लावायची गरज नाही. एक मात्र कबूल करायला पाहिजे की लिहिलेलं खरं होतं हे सिद्ध केलं तर सुटका होईल असं त्यात लिहिलं होतं, इंग्लंडच्या जुन्या कायद्यात एवढं पण नव्हतं, आणि फेडरलिस्ट हे छाती फुगवून सांगायचे. पण प्रेसिडेंट हावरट आहे किंवा त्याला थाटमाटाची हाव आहे हे मत आहे, ते 'खरं' आहे असं कोर्टात सिद्ध कसं करणार?

हाच प्रश्न मॅथ्यू लायनला पडला असणार. हा माणूस मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडतो. आयर्लंडहून पोरवयात आला, प्रवासाचे पैसे नव्हते म्हणून वेठबिगार म्हणून राबला, पुढे व्हर्माँटमध्ये गावं वसवली, कारखाने काढले आणि काँग्रेसवर निवडून गेला. १७९८ च्या जानेवारीत सभागृहात रॉजर ग्रिसवोल्ड नावाच्या कनेक्टिकटच्या फेडरलिस्टने त्याला सैन्यातल्या एका जुन्या प्रकरणावरून टोमणा मारला, तर लायन त्याच्या तोंडावर थुंकला. थुंकला म्हणजे खरंच थुंकला. त्याला सभागृहातून काढायचा ठराव आला, दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. मग फेब्रुवारीत ग्रिसवोल्ड काठी घेऊन आला आणि लायन जागेवर बसलेला असतानाच त्याला बडवायला लागला, लायनने शेकोटीजवळचा चिमटा उचलला, आणि दोघं जमिनीवर लोळले. या प्रसंगाचं व्यंगचित्र आज पण इतिहासाच्या पुस्तकात छापतात.

तर लायनने जूनमध्ये, कायदा यायच्या आधी, एका पेपरला पत्र लिहिलं की अ‍ॅडम्सला थाटमाटाची, खुशामतीची आणि स्वार्थाची भूक लागली आहे अशा अर्थाचं. पत्र छापून आलं कायदा झाल्यावर. लगेच केस. ऑक्टोबरमध्ये निकाल, चार महिने जेल आणि एक हजार डॉलर दंड, आणि व्हर्जेन्सच्या जेलमध्ये थंडीत काच नसलेल्या खिडकीच्या खोलीत ठेवला. आणि तिथेच राहून तो डिसेंबरमधली निवडणूक जिंकला, चांगल्या फरकाने. लोकांनी दंडाचे पैसे जमा केले आणि फेब्रुवारी १७९९ मध्ये सुटल्यावर मिरवत फिलाडेल्फियाला पाठवला. फेडरलिस्टांनी त्याला पुन्हा काढायचा प्रयत्न केला, पुन्हा फसला. १८४० मध्ये, लायन मेल्यावर खूप वर्षांनी, काँग्रेसने तो दंड व्याजासकट त्याच्या वारसांना परत केला.

बाकीच्या केसेस वाचल्या तर हसावं की रडावं कळत नाही. न्यू जर्सीमधल्या न्यूअर्कमधून अ‍ॅडम्स घरी जात होता तेव्हा तोफांची सलामी दिली, तर दारूच्या नशेत असलेला ल्यूथर बाल्डविन म्हणाला की तोफ प्रेसिडेंटच्या पार्श्वभागातून आरपार गेली तरी मला काही वाटणार नाही. बारवाल्याने ऐकलं, तक्रार केली, आणि या महान राजद्रोहाबद्दल १५० डॉलर दंड झाला. बेंजामिन फ्रँकलिनचा नातू बाख 'ऑरोरा' नावाचा पेपर चालवायचा, त्याला तर हा कायदा व्हायच्या आधीच जूनमध्ये अटक केली, आणि खटला उभा राहायच्या आत सप्टेंबरमध्ये पीतज्वराने गेला. सगळ्यात कडक शिक्षा मात्र एका साध्या फिरत्या माणसाला, डेव्हिड ब्राउनला. मॅसॅच्युसेट्सच्या डेडहॅम गावात याच्या चिथावणीवरून लोकांनी एक खांब उभारला, त्यावर पाटी, राजद्रोहाचा कायदा नको, परक्यांचे कायदे नकोत, जमिनीवरचा कर नको, प्रेसिडेंटला निवृत्ती आणि व्हाइस प्रेसिडेंट चिरायू होवो. अठरा महिने जेल. टिळकांना १८९७ मध्ये इंग्रजांनी अठराच महिने दिले होते, आणि तेही परक्या सरकारने. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून ब्राउन शिक्षा संपली तरी आतच राहिला, शेवटी जेफरसनने प्रेसिडेंट झाल्यावर सोडवला.

एकूण शिक्षा झालेले मोजले तर दहाच्या आसपास, त्यात बहुतेक एडिटर आणि पेपरवाले. आकडा लहान वाटतो पण तेव्हा विरोधी पेपर तरी किती होते.

जेफरसन आणि त्याचा साथीदार मॅडिसन यांनी काय केलं तर केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधानसभांकडून ठराव पास करून घेतले की हे कायदे घटनेविरुद्ध आहेत. लिहिले यांनी, नाव मात्र पुढे केलं नाही, चालू व्हाइस प्रेसिडेंट आपल्याच सरकारविरुद्ध ठराव लिहितोय हे बाहेर आलं असतं तर त्याच्यावरच केस झाली असती कदाचित. पण राज्यांनी केंद्राचा कायदा मानू नये हा त्यातला विचार पुढे साउथ कॅरोलिनाने १८३२ मध्ये उचलला आणि त्याचा शेवट काही चांगला झाला नाही.

१८०० ची निवडणूक अ‍ॅडम्स हरला. जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा आरन बर यांना सारखी ७३ मतं पडली, निर्णय प्रतिनिधीगृहात गेला (तिथे एका राज्याला एकच मत), ३५ फेऱ्यांत निकाल नाही, ३६ व्या फेरीत व्हर्माँटचा दुसरा सभासद बाजूला राहिला आणि व्हर्माँटचं मत जेफरसनला कुणी दिलं? लायनने. सिनेमात दाखवलं तर लोक म्हणतील अति केलं.

पण म्हणून जेफरसनला देव करू नका. त्याने शिक्षा झालेल्यांना माफी दिली, १८०२ मध्ये नागरिकत्वाची अट परत ५ वर्षांवर आणली, हे सगळं ठीक. पण १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला पत्र लिहून सुचवलं की काही निवडक खटले घातले तर पेपरवाले जरा शुद्धीवर येतील, अट एवढीच की ते केंद्राने नव्हे, राज्यांनी घालावेत. कॅलेंडर नावाचा स्कॉटिश पत्रकार, ज्याने अ‍ॅडम्सवर लिहून नऊ महिने जेल भोगली आणि ज्याला जेफरसननेच आधी पैसे दिले होते, त्याला बक्षीस म्हणून पोस्टमास्तरची नोकरी मिळाली नाही तेव्हा तो उलटला आणि १८०२ मध्ये जेफरसनचे त्याच्या गुलाम बाईशी, सॅली हेमिंग्जशी, असलेल्या संबंधांचं प्रकरण छापून मोकळा झाला. शाईवाल्यांशी मैत्री अशीच असते.

आता तो राहिलेला तिसरा कायदा, शत्रूदेशातल्या परक्यांचा, ६ जुलै १७९८ चा. युद्ध जाहीर झालं किंवा आक्रमण झालं किंवा तसा धोका असला तर त्या देशाच्या १४ वर्षांवरच्या पुरुषांना पकडायचं, कोंडायचं किंवा बाहेर काढायचं, अधिकार प्रेसिडेंटचा. यावर रिपब्लिकनांनी पण फार त्रागा केला नाही, कारण युद्धात शत्रूच्या माणसावर नजर ठेवायची हे सगळ्यांनाच पटत होतं, आणि मॅडिसनने तर पुढे लिहून ठेवलं की मित्र परके वेगळे आणि शत्रू परके वेगळे. भांडायचं सगळं बळ बाकीच्या दोघांवर गेलं, आणि त्या दोघांना मुदत होती, याला मुदतच घातली नव्हती. १८१२ च्या युद्धात इंग्रजांवर वापरला, पहिल्या महायुद्धात जर्मनांवर, १९१८ मध्ये बायकांना पण लागू केला, पर्ल हार्बरच्या दिवसापासून जपानी, जर्मन, इटालियन परक्यांवर. जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत टाकलं ते वेगळ्या आदेशाने, फेब्रुवारी १९४२ च्या, तेवढी गल्लत करू नका. आणि मार्च २०२५ मध्ये ट्रम्पने हाच कायदा काढून व्हेनेझुएलाच्या एका टोळीचं नाव घेत शंभरहून जास्त माणसं एल साल्वाडोरच्या जेलमध्ये पाठवली. युद्ध जाहीर नाही, व्हेनेझुएलाची फौज कुठे उतरलेली नाही. मग कोर्टात वाद हा की टोळीची माणसं देशात शिरली याला १७९८ च्या लोकांनी आक्रमण म्हटलं असतं का, आणि टेक्सासच्या एका जजने तेव्हाच्या लोकांचं लिखाण चाळून नाही म्हणून सांगितलं.