बुलाशाहचा नकाशा हलला एकदाचा

मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल' या कादंबरीचा, म्हणजे सफाईकाम करणारा पोरगा बाखा बुलाशाह गावात दिवसभर कुठं कुठं जातो त्याचा, नकाशा माझ्या टेबलावर किती दिवस अडून होता. आमच्या गटाच्या रविवारच्या बैठकीत तो सुटला, म्हणून तातडीनं ही नोंद.

वेळपट्टीचा प्रश्न कधीच नव्हता. सगळी कादंबरी एका दिवसात घडते. सकाळी बापाच्या शिव्या, मग संडास साफ करणं, बाजार, थप्पड, देऊळ, भाकरी मागणं, दुपारी मित्र, हॉकी आणि संध्याकाळी गोलबाग, म्हणजे सभेची बाग. हे सगळे थांबे मी आधीच लावले होते. १९३५ साली आलेली आनंदांची पहिली कादंबरी, त्याआधी १९ प्रकाशकांनी नाकारलेली, पण दिवसाची बांधणी इतकी पक्की की एक थांबा मागेपुढे सरकवता येत नाही.

अडत होतं ते मूळ पत्र्यावर, म्हणजे ज्यावर बाकीचे ट्रेसिंगचे थर बसतात त्या मुख्य कागदावर. बुलाशाह हे गाव कल्पित, तेव्हा खऱ्या नकाशाचा आधार नाही. बाखाची वस्ती गावाच्या आणि लष्करी छावणीच्या सावलीत, पण दोन्हींच्या हद्दीबाहेर, एवढंच आनंद सुरुवातीला सांगतात. वस्ती मधे ठेवून पाहिली, ओढ्याच्या पलीकडे नेली, छावणीला चिकटवली. काही केल्या अंतरं जमेनात. सकाळी बाखा दुकानं न्याहाळत जातो तेव्हा बाजाराचा रस्ता लांबच लांब होतो. चुकून शिवला म्हणून सवर्णाची थप्पड बसल्यावर 'पोश, पोश' (बाजूला व्हा) ओरडत तो पुढे निघतो, तिथून रस्त्याची लांबीच कळेनाशी होते. लेखक रस्ता पायांनी मोजतच नाही, बाखाच्या जिवानं मोजतो. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडून खरवडून कागद पार विरला. (कागदाबद्दल जाता जाता: पावसाळ्यात पातळ ट्रेसिंग अजिबात घेऊ नका, कडा वळतात आणि थर एकमेकांवर बसत नाहीत. थोडे जास्त पैसे गेले तरी जाड कागदच घ्या.)

आमच्या गटात एक काका आहेत, ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म पाइपलाइनचे नकाशे वाचण्यात गेला. माझे सगळे पत्रे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "अंतर काहून मोजून राहिला बाबू? त्याले कुठं कुठं थांबवलं, ते काढ ना."

त्या रात्री पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून घेतलं आणि फक्त अडवणुकीच्या रेघा शोधल्या. नकाशा आपोआप उभा राहिला! विहिरीचा चौथरा ही पहिली रेघ. बाखाची बहीण सोहिनी खाली उभी, घागर रिकामी, कुणी सवर्ण येऊन पाणी ओतेल तोवर थांबायचं. दुसरी रेघ पानवाल्याच्या फळीवर. बाखा तिथं पैसा ठेवतो, पानवाला त्यावर पाणी शिंपडतो, मगच उचलतो आणि सिगारेटचं पाकीट बाखाकडे फेकतो. तिसरी देवळाच्या पायऱ्यांवर. चौथी सोनारांच्या गल्लीत, आणि ती उभी आहे, कारण भाकरी वरच्या मजल्यावरून खाली टाकली जाते. यातली बरीच अंतरं हातभरही नाहीत. माझं प्रमाण कोस-मैलाचं होतं, म्हणून ती कागदावर उमटतच नव्हती. आता गाव लहान काढलंय आणि ती फळी तळहाताएवढी. ०.३ च्या पेननं तिच्यावरचा ओला पैसासुद्धा काढला. या नकाशातला माझा सर्वांत लाडका कोपरा तोच.

दुसरा लाडका कोपरा चरतसिंगाच्या घरापाशी. हवालदार चरतसिंग बाखाला चिलमीत निखारे भरून आणायला सांगतो, चहा देतो, नवी कोरी हॉकी स्टिक देतो. तिथं रेघ सलग ठेवता येत नाही. तेवढी तुटक काढली.

एवढ्यावर पत्रा पूर्ण झाला असं मी बैठकीत जाहीर करणार, तोच इंदोऱ्याच्या मावशींनी हात धरला. त्यांचं म्हणणं असं, की हा सगळा नकाशा बाखाचा झाला, सोहिनीचा कुठं आहे? पंडित कालीनाथ तिला देवळाचं अंगण झाडायला बोलावतो, तिच्या अंगावर हात टाकतो आणि वर स्वतःच बाटलो म्हणून ओरडतो. म्हणजे रेघ बाखाला आणि सोहिनीला अडवते, पंडित मात्र ती हवी तेव्हा ओलांडतो आणि हवी तेव्हा पुन्हा आखतो. मावशी बोलल्यावर कुणी वाद घातला नाही, घालण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा बेत बदलला. सोहिनीचा थर वेगळा होईल, लाल शाईत, रेघ कोण कुठून ओलांडतो ते बाणांनी दाखवून.

खरी खडाजंगी गोलबागेवर झाली. शेवटी बाखापुढे तीन वाटा येतात: मिशनरी हचिन्सनचा येशू, गांधीजींचं भाषण आणि कवी सरशार सांगतो ते फ्लशचं यंत्र. चौथी वाट, बाबासाहेबांची, पुस्तकात नाही, आणि नागपुरात बसून हे न जाणवणं शक्यच नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी लोकांनी चवदार तळ्यात उतरून आपल्या हातांनी पाणी घेतलं होतं. ऑगस्ट १९३० मध्ये आपल्याच शहरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी आली, तरी सोहिनी चौथऱ्याखाली वाट बघतच राहते. पुस्तकावर माझं फार प्रेम आहे आणि ही त्याची मोठी उणीव आहे, दोन्ही मी ठामपणे म्हणतो. गटातल्या दोघातिघांच्या मते लेखकानं बाखाला जेवढं ऐकू येईल तेवढंच लिहिलं. मला ते पटत नाही. बाखाच्या कानावर गांधीजी येतात, तर बाबासाहेब का येऊ नयेत?

फ्लशवर काका पुन्हा बोलले. संडासात फ्लश आला तरी मैला पाइपातून मॅनहोलमध्ये जातो, आणि तिथं माणूस उतरतो. २०१३ चा हातानं मैला काढण्यावर बंदी घालणारा कायदा आहे. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे माणसं उतरतायत आणि मरतायत. सरशारच्या यंत्रानं बाखाला सोडवलं नाही, जमिनीखाली नेलं.

हे लिहिता लिहिताच ठरलं: सोहिनीच्या थराआधी गटाराचा थर घ्यायचा. गोलबागेतून निघालेला तिसरा, फ्लशचा बाण कागदाच्या कडेला न संपवता खाली वळवायचा, मूळ पत्र्याच्या मागच्या बाजूला. पाइपांच्या खुणा काका शिकवणार आहेत. मागून काढलेली रेघ उजेडात पुढून दिसावी, त्यासाठी कुठली शाई चालेल? पाण्यात न फुटणारी काळी वापरून पाहिली, ती पुढे उतरते. कुणी दोन्ही बाजूंनी काम केलं असेल तर कागदाच्या जाडीसकट कळवा. १९३० च्या आसपासच्या पंजाबातल्या एखाद्या छावणीचा जुना आराखडा कुणाजवळ असेल, तर तोही हवाय, बराकी आणि संडासांच्या रांगा कशा असत एवढं पाहण्यापुरता.