नवरात्र सोडून कोल्हापूरला या

कोल्हापूरला पाहुणे येतात ते नवरात्रात, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. पहाटे गाडीतून उतरायचं, दर्शनरांगेत उभं राहायचं, जेवण, संध्याकाळी रंकाळा, चप्पल लाईनवर चपलांचा एक जोड, आणि रात्रीच्या गाडीनं परत. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे आमच्याकडे असे पाहुणे पुष्कळ येतात आणि मला ते हवेही असतात. पण हल्ली फोन आला की मी आधीच सांगते, नवरात्र सोडून या. आंबाबाई काही कुठे जात नाही. तुम्हाला शहर बघायचं असेल तर ते आषाढात बघा, कार्तिकात बघा, चैत्रात बघा.

इथे सण देवळापेक्षा पेठेचा जास्त असतो, आणि पेठ म्हटलं की तालीम आली. तालीम म्हणजे मुळात लाल मातीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, आणि गल्लीगल्लीतल्या तालमींना बळ मिळालं. आज कित्येक तालमींत मातीत उतरणारी पोरं कमी झाली आहेत, पण तालीम मात्र जिवंत आहे. एकाच इमारतीत मारुती, त्याच ठिकाणी गणपती बसणार, तिथेच मोहरमचे पीर बसणार, आणि कपाटात फुटबॉलच्या ढाली. आमच्या शिवाजी पेठेत कुठलाही कार्यक्रम ठरला की "तालमीत बैठक हाय" एवढंच वाक्य पुरतं. वर्गणी, जेवणाचा अंदाज, कोण काय आणणार, सगळं तिथेच ठरतं. म्हणून इथला सण बघायचा तर रस्त्यावर उभं राहून बघावा लागतो, आणि बाराही महिने काही ना काही चालूच असतं.

आषाढापासून सुरुवात करते, कारण आषाढात इथे या असं तुम्हाला कुणीच सांगणार नाही. पाऊस धो-धो, छत्री उलटी होते, रस्त्याला खड्डे. पण याच महिन्यात पंचगंगेला नवं पाणी येतं. गढूळ, लालसर, वरच्या डोंगरातली माती घेऊन आलेलं. ते पाणी कलशात, घागरीत भरून गल्लीगल्लीतल्या बाया आणि मुली डोक्यावर घेतात आणि त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या, टेकडीकडे निघतात. मंगळवार आणि शुक्रवार हे यात्रेचे वार. टेंबलाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात. पुढे वाजत असतो पी ढबाक. पिपाणीची लांब पीऽऽ आणि लगेच ढोलाचा ढबाक, की पुन्हा पीऽऽ. डीजेच्या भिंतीपुढे कान झाकणारी मी या वाद्यामागे टेकडीपर्यंत भिजत चालत जाते. त्यात पाऊस असला की हळद-कुंकू कपाळावरून ओघळतं, साडीचा काठ चिखलानं भरतो, तरी कुणी छत्री उघडत नाही, कारण एक हात घागरीला लावलेला असतो.

यात्रेच्या दिवशी गल्लीत ताडपत्री अंथरून मटणाचे वाटे घालतात. वर्गणी दिलेल्या प्रत्येक घराचा एक वाटा. हाड, चरबी, काळीज सगळ्यांत सारखं पडलं पाहिजे, याकडे चार वयस्क माणसं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. पहिल्या वर्षी मी डबा घेऊन गेले तेव्हा तिथल्या एका काकांनी विचारलं, "वैनी, अमरावतीकडं जमतंय का तिखट? का रस्सा पांढराच करताय?" पांढरा मी अजूनही सासूबाईंच्याच हातचा खाते, कारण तीळ, खसखस आणि खोबऱ्याचं दूध त्यांच्यासारखं मला जमवताच येत नाही. पाहुणा आलाच तर आमच्या वाट्यातलं त्याला मिळतं. हॉटेलातल्या ताटाची आणि या जेवणाची तुलना मी करणार नाही, एकदा जेवून बघा.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी एक मात्र लक्षात ठेवायचं. निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघायची. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ चा महापूर आम्ही पाहिला आहे, त्यामुळे या आकड्यांकडे इथे कुणी हलक्यात बघत नाही. पातळी चढत असेल तर बेत पुढे ढकला.

पाऊस ओसरला की गौरी-गणपती. राजारामपुरीत तांत्रिक देखावे, पेठांमध्ये सजीव देखावे. बघण्यासारखे असतात, गर्दीही तेवढीच. पण त्याहून मला जवळचा वाटतो तो मोहरम. चांद्र पंचांगामुळे तो दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि हळूहळू सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. कोल्हापुरात पंजे, म्हणजेच पीर, बसतात ते तालमींतही आणि हिंदू घरांतही. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरच्या कमानीवर गणपती आहे, एकदा मुद्दाम मान वर करून बघा. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. त्या दिवसांत कित्येक तालमींत गणपती आणि पीर शेजारी-शेजारी बसले. एकीकडे आरती, दुसरीकडे फातिहा, आणि प्रसाद वाटणारी पोरं तीच. पेपरात ऐक्यावर लेख आले. पेठेत मात्र कुणालाही त्यात विशेष वाटलं नाही, वर्गणीचं पावती पुस्तक तेवढं जाड झालं. हे मला या गावाबद्दल फार मोलाचं वाटतं आणि ते टिकावं असं मनापासून वाटतं.

नवरात्रावर मी अन्याय करतेय असं वाटायला नको. गर्दी सोसायची तयारी असेल तर ललितापंचमीला या. त्या दिवशी आंबाबाई पालखीतून त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. कोल्हासुराच्या युद्धात जिनं मदत केली ती त्र्यंबोली विजयाच्या सोहळ्याला बोलावलं नाही म्हणून रुसली, मग थोरली आंबाबाई स्वतः उठून तिला भेटायला निघाली, अशी कथा आहे. टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याचा तुकडा मिळवायला जी झुंबड उडते तिच्यापासून लहान मुलांना लांब ठेवा. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा रस्त्यावर रांगोळ्या आणि फुलांच्या पायघड्या असतात. आणि दसऱ्याला दसरा चौक. छत्रपतींच्या घराण्याची मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, शमीपूजन होतं आणि सोनं लुटायला माणसं तुटून पडतात. ज्या चौकात हे घडतं त्याच्याभोवती शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं आहेत, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या पोरांना राहून शिकता यावं म्हणून महाराजांनी ही वसतिगृहं उभी करायला हात दिला. ६ मे २०२२ ला महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता सगळं शहर शंभर सेकंद थांबलं होतं. रिक्षा, बस, दुकानातला काटा, सगळं. मिरवणुकीशिवाय या गावाला काही साजरं करता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ती सकाळ सांगते.

आता दिवाळी पाडवा. हा दिवस पाहुण्यांच्या यादीत कधीच नसतो, आणि माझ्या यादीत तो सगळ्यात वर आहे. कोल्हापूर हे म्हशींचं गाव आहे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुमच्यासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात, ही गोष्ट आता बाहेरही माहीत झाली आहे. पाडव्याला याच गवळ्यांच्या म्हशी सजून बाहेर पडतात. आधी नदीवर घासून धुवायच्या, अंगाला तेल, कातडी अशी चकाकते की शेजारच्या माणसाची सावली तिच्यात दिसावी. शिंगांना रंग, त्यांच्या टोकांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. काहींच्या पाठीवर मालकाचं नाव किंवा गल्लीचं नाव रंगवलेलं. मग मालक मोटारसायकलला किक मारतो. सायलेन्सर काढलेला, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्या आवाजामागे म्हैस चक्क धावत सुटते. दावं नाही, काठी नाही. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ती ओळखते. एरवी रस्त्यात ठाण मांडून बसणारं जनावर मान वर करून, घुंगरं वाजवत, गर्दीतून वाट काढत पळतं आणि गाडी थांबली की बरोबर तिच्याशेजारी येऊन उभं राहतं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिंतीला चिकटून उभी होते. एका गवळ्यानं म्हैस माझ्यासमोरच थांबवली आणि म्हणाला, "वैनी, हात लावा की पाठीवर. गुणाची हाय ती, काय करत न्हाई." मी हात ठेवला. कातडीखाली तिचा श्वास जोरात वर-खाली होत होता. त्यानं तिच्या तोंडावरचा फेस आपल्या नव्या पाडव्याच्या शर्टाच्या बाहीनं पुसला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. वर्षभर पहाटे तीनला उठून ज्या जनावराच्या जिवावर घर चालतं, त्याचं कौतुक करायचा हा दिवस.

त्याच सुमारास किरणोत्सव येतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि नंतर ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. आंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून आहे. या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून पुढे सरकतात, कासव चौक, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा. पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर पोचावीत अशी अपेक्षा असते. दर वेळी पोचतातच असं नाही. ढग येतात, हवेत बाष्प असतं, वाटेत इमारतींचे अडथळे असतात. हा सगळा प्रवास काही मिनिटांचा, आणि त्या मिनिटांत आजूबाजूचे लोक हळू आवाजात सांगत असतात, "उंबऱ्यावर आलं... आत गेलं..." ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी सूर्याची चाल किती बारकाईनं पाहिली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आत उभं राहायला जागा मिळाली नाही तर आवारातल्या पडद्यावर दिसतं. मी शक्यतो गरुड मंडपाच्या बाजूला, वाट न अडवता उभी राहते. मंडपाच्या लाकडी खांबांवर ऊन चढत जाताना बघणंही तितकंच सुंदर आहे.

हिवाळ्यात फुटबॉल सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की आमच्या घरात त्या दिवशी भाजी कुठली करायची हेही कुणी विचारत नाही. मी याला सणच म्हणते. जाणार असाल तर कुठल्या पेठेच्या माणसाबरोबर बसताय तेवढं आधी विचारून घ्या.

मग रंगपंचमी, इथे धुळवडीपेक्षा रंग पंचमीलाच. आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबा. वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाचा, डोंगर त्या दिवशी खरोखर गुलाबी असतो, पायऱ्या, भिंती, झाडांची पानं, पोलिसांच्या टोप्यासुद्धा. मानाची पहिली सासनकाठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. आकाशात गेलेली ती काठी एक माणूस तोलतो, चारी बाजूंनी दोऱ्या धरणारे वेगळे, आणि वाद्याच्या ठेक्यावर ती नाचवतात. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत गुलाल-खोबरं उधळलं जातं, आणि दवण्याचा वास दुसऱ्या दिवशीही कपड्यांना राहतो. जुने कपडे घाला, मोबाईल प्लास्टिकमध्ये ठेवा, डोक्याला रुमाल बांधा. आणि लगेच परतीची गाडी पकडू नका. दुसऱ्या दिवशी रात्री शहरात आंबाबाईचा रथोत्सव असतो, रस्ते दिव्यांनी आणि रांगोळ्यांनी भरलेले असतात, आणि बाहेरचे पाहुणे बहुतेक निघून गेलेले असतात.

एकदाच जमणार असेल तर कधी येऊ, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते ते वर्ष धरा. पाडव्याला म्हशी बघा, ९ ते ११ तारखेतली एक संध्याकाळ देवळात काढा, आणि रजा असेल तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबा. त्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. घाटावर काळोख असतानाच पोचायचं, म्हणजे पणत्या लावायला हात लागतो तुमचाही. तेलाच्या किटल्या घेऊन फिरणारी पोरं तुम्हाला ओळखत नसली तरी काडेपेटी हातात देतात आणि म्हणतात, "तिकडची ओळ तुमची."